वाचक : विनायक

विन्या, तुझा पासवर्ड अजून तोच आहे रे. कॉलेजातला. हजेरी नंबर आणि पुढे आजीचं नाव. जगाला शिकवत फिरलास की पासवर्ड बदलत जावा, आणि स्वतः मात्र पंचवीस वर्षं तेच चालवलंस. पहिल्याच झटक्यात तुझा लॅपटॉप उघडला. नसता उघडला तर फार बरं झालं असतं.

चोरून उघडलेला नाही हां. तुझं तेरावं झाल्यावर दोन दिवसांनी तुझ्या बायकोने, मेधाने, मला फोन केला. "सुनेत्रा, तुमचं ते पडवीचं काम त्यात अडकलं असेल तर काढून घे गं. मला त्यातलं काही कळत नाही." म्हणून मी बोरीवलीला आले. मागच्या छोट्या खोलीत बसले, जिथून नॅशनल पार्कची झाडं दिसतात. खुर्चीच्या पाठीवर तुझा टॉवेल तसाच होता. मेधाने चहा ठेवला आणि दार ओढून घेतलं. मी रडायची तयारी करून बसले होते. पण रडायच्या आधीच माझं डोकं फिरलं, ते अजून जागेवर आलेलं नाही.

हे तुझ्याशिवाय इतरही वाचणार आहेत, म्हणून पडवी म्हणजे काय ते आधी सांगते. तू मध्ये बोलू नकोस.

एक नवी प्रोग्रामिंगची भाषा आली होती. चपळ, नेटकी, आपण दोघं तिच्यावर फिदा. पण त्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामला तोंडच नव्हतं. कितीही अवघड काम सांगा, चुटकीसरशी करेल, पण स्क्रीनवर एक साधं बटण काढायचं म्हटलं की वाट लागली. खिडकी, बटण, लिहायची चौकट, सरकपट्टी, असलं सगळं सामान कुणीतरी आधी बनवून ठेवावं लागतं, मग बाकीचे ते उचलून वापरतात. आपण म्हटलं, चला, हे सामान आपणच बनवू आणि फुकट देऊन टाकू. नोकऱ्या सांभाळून, शनिवारच्या सकाळी. नाव तू ठेवलंस. "घरात कितीव राडो आसांदे, येणारो माणूस पयलो बसता पडवेत." तुझे बाबा गिरणीत आणि तू जन्मापासून मुंबईत, तरी खुशीत आलास की तुझं मालवणी सुटायचं.

मी मरोळची, तू बोरीवलीचा, म्हणून मधे आरेला भेटायचो. कॉलनीच्या रस्त्यावरचा तो दुधाचा स्टॉल, पत्र्याखालचं एक बाकडं, समोरून तबेल्याकडे जाणाऱ्या म्हशी. तिथे मोबाइलला रेंज नाही. कुणीही शहाणा माणूस दुसरी जागा शोधेल. तू म्हणालास, उलट बरंय, कोड कागदावर छापून आणू. आणि तिथूनच आपली ती पद्धत सुरू झाली, जिला ऑफिसात सगळे हसायचे.

ज्याने लिहिलं त्याने गप्प बसायचं. दुसऱ्याने ते मोठ्याने वाचायचं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, पोथी वाचतात तसं. जिथे जीभ अडखळेल तिथे लाल पेनाने खूण. का अडखळली ते नंतर बघू. लिहिणाऱ्याने मध्येच "अरे ते असं आहे की" म्हटलं की त्याने दोघांचं दूध आणायचं. पहिल्या वर्षी सगळं दूध मीच आणलं. मला गप्प बसताच येत नव्हतं ना यार. तू पाण्यासारखा वाचत जायचास आणि अचानक थांबायचास. "काय गो ह्यां? माका समाजला नाय म्हणजे चूक तुझी." आणि साला दहातल्या नऊ वेळा तिथे खरंच घाण असायची.

पडवीच्या प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर म्हणून दोन नावं आहेत. लेखक अमुक, वाचक अमुक. दुसऱ्याने वाचल्याशिवाय काही आत घ्यायचं नाही, हा आपला एकच नियम. बाकी सगळ्यावर आपण भांडलो, ह्याच्यावर कधीच नाही. लोकांनी पडवी वापरायला घेतली ती ह्या दोन नावांमुळे. आपल्यापेक्षा देखणं सामान बाजारात खूप होतं. पण आपल्याकडे प्रत्येक ओळ एका माणसाने लिहिलेली आणि दुसऱ्या माणसाने वाचलेली होती.

माझी आई गेली तेव्हा तू आलास मरोळला, आठवतं? घर माणसांनी भरलेलं. प्रत्येक जण मला काहीतरी शहाणपणाचं सांगत होता आणि मला कुणाचंच ऐकू येत नव्हतं. तू पिशवीतून कागद काढलेस. माझ्याच सरकपट्टीचा कोड. आतल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून तू तो वाचायला लागलास, मोठ्याने, सगळाच्या सगळा. माझी मावशी दारातून डोकावून गेली, तिला वाटलं हा काहीतरी जप करतोय. तू सांत्वनाचा एक शब्द बोलला नाहीस. शेवटी लाल पेनाने दोन खुणा केल्यास, कागद माझ्या मांडीवर ठेवलेस आणि म्हणालास, "चुका आहेत. सावकाश कर." त्या दुपारी मी पहिल्यांदा पोटभर रडले. त्यासाठी मी तुझे कधी आभार मानले नाहीत, ते आता मानते. आणि त्याच्याच पुढे तुला शिव्याही घालणार आहे, कारण वाचणं म्हणजे काय हे तुला माहीत नव्हतं असं तू म्हणू शकत नाहीस.

मोठं भांडण आपलं एकच होतं, पण ते पाच वर्षं पुरलं. माझं म्हणणं, पडवीने स्वतःची बटणं स्वतः रंगवावीत, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर ती सारखीच दिसतील. तुझं म्हणणं, ज्या कॉम्प्युटरवर जाऊ तिथलीच बटणं वापरावीत. "लोकांच्या घरी गेलीस की चपला तू त्यांच्या जागेवर काढतेस ना? का आपलं स्टँड बरोबर घेऊन जातेस?" मी म्हणायचे, दहा घरांचे दहा स्टँड कोण सांभाळणार, तू? तू म्हणायचास, हो, मी. आणि मग त्यातलं एकही काम वेळेत करायचा नाहीस. मग मी वैतागून माझं रंगवलेलं आत टाकायचे आणि तू तोंड पाडून ते वाचायचास. पण वाचायचास.

गेल्या आषाढात तू म्हणालास, "सुनू, ऑफिसचं काम फार वाढलंय. आरेला येणं नाही जमणार. तू ऑनलाइन टाकत जा, मी घरून वाचतो, तिथेच लिहितो." मी म्हटलं ठीक. आणि काय सांगू रे, तुझी टिपणं अशी यायला लागली की मी थक्क. पानभर. मुद्देसूद. प्रत्येक चूक समजावून सांगितलेली, वर उपाय सुचवलेले. रंगवलेल्या बटणांवरून तू एकदाही भांडला नाहीस. उलट एकदा लिहिलंस की हा दृष्टिकोन सुसंगत आहे. सुसंगत! तू! मला वाटलं मी जिंकले. माझ्या बहिणीला फोन करून सांगितलं, बघ, पन्नाशीला आल्यावर माणूस सुधारतो.

"काय गो" गेलं होतं, "येडी आहेस का" गेलं होतं. ते मला दिसलं नाही असं नाही. दिसलं. मी म्हटलं, लिहिताना माणूस सभ्य होतो. मूर्ख मी.

तू गेल्यावर पडवी वापरणाऱ्या मुलामुलींनी मला लिहिलं. कोण कुठली पोरं, तुला कधी भेटलेली नाहीत, पण रडली. त्यांनी ठरवलं की विनायकसरांची गेल्या वर्षभरातली टिपणं एकत्र करायची, छोटं पुस्तक करायचं. 'आम्ही कोड वाचायला ह्यातून शिकलो' असं एकीने लिहिलं. माझ्याकडे सुरुवातीचे दोन शब्द मागितले. मी लगेच हो म्हटलं. लॅपटॉप उघडताना माझ्या डोक्यात हेच होतं की तुझं एखादं अर्धवट टिपण मिळालं तर तेही त्यात घालू.

अर्धवट काहीच नव्हतं. सगळं पूर्ण होतं, आणि तुझं काहीच नव्हतं. तू माझा कोड उचलून एआयला देत होतास आणि ते जे लिहील ते तुझ्या नावाने मला पाठवत होतास. आषाढापासून प्रत्येक वेळी. तारखा जुळवून बघितल्या मी. एकही सुटलेली नाही.

बरं, तेवढ्यावरही मी तुला माफ केलं असतं. थकला असशील, वेळ नसेल. पण तू त्याला काय सांगायचास तेही तिथेच होतं, तुझ्या शब्दांत. "हे वाच आणि चुका काढ. मित्रासारखं लिही." मग, "फार गोड नको, तिला संशय येतो." आणि मग ते, जे मी तीनदा वाचलं कारण मला खरं वाटेना. "दोन-तीन चुका काढच, नाहीतर तिला वाटेल मी वाचलंच नाही."

विन्या, हे तू लिहिलंस. मेहनत घेतलीस रे मला फसवायला! तेवढ्या वेळात पान वाचून झालं असतं. तुला जे माहीत होतं माझ्याबद्दल, मला काय आवडतं, मी कशाने खवळते, कुठे मला शंका येते, ते पंचवीस वर्षांत जमवलेलं सगळं तू ह्या कामाला लावलंस. नेटवर कुणी परक्याने गंडवलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं.

आधी वाटलं काहीतरी कारण असेल. सगळं धुंडाळलं. दुसरीकडे काम घेतलंस का? नाही. स्वतःचं वेगळं काही लिहीत होतास का, तुझ्या पद्धतीच्या बटणांचं? मला तर आशा होती की तसं काहीतरी सापडेल, निदान भांडायला तरी मिळेल. काही नाही. वर्षभरात तू एक ओळ लिहिलेली नाहीस.

मेधाला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण चहाचा कप न्यायला ती आत आली आणि माझं तोंड बघून म्हणाली, "काय झालं? बाई होती का कुणी?"

मला हसायलाच आलं. म्हटलं, "असती तर बरं झालं असतं गं." आणि मग सांगून टाकलं.

ती टॉवेल हातात घेऊन पलंगावर बसली. बराच वेळ घडी घालत राहिली. मग म्हणाली, "शनिवारी सकाळी दार लावून बसायचा. मला म्हणायचा, सुनूचं वाचतोय, मध्ये बोलू नको. मी कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायचे नाही. चहा द्यायला आले की स्क्रीनवर तुझंच काहीतरी असायचं, आणि हा खिडकीतून बाहेर बघत असायचा. मला वाटायचं विचार करतोय."

"विचारलं नाहीस?"

"विचारलं ना. म्हणाला, अवघड आहे, सुनेत्राचं डोकं लय चालतं."

बघ. तिला माझं नाव सांगून गप्प केलंस आणि मला तुझं नाव वापरून. मधल्या वेळात तू एकटा झाडं बघत होतास. का, ते आम्हा दोघींना माहीत नाही. तुला आतून काय खात होतं, कंटाळा होता की भीती होती, की आपलं सगळं काम हे यंत्र एक दिवस चुटकीत करेल असं दिसायला लागलं होतं, ते तू कुणालाच सांगितलं नाहीस. आम्ही दोघी त्या खोलीत बसून तुझ्यावर इतक्या चिडलो होतो की एकमेकींच्या हातात हात कधी गेला ते कळलं नाही.

मी मेधाला माझा पेच सांगितला. पोरांचं पुस्तक थांबवलं तर का ते सांगावं लागेल. नाही थांबवलं तर तुझ्या नावावर ते खोटं कायमचं छापलं जाईल. आणि पडवीच्या वर्षभराच्या तुकड्यांवर वाचक म्हणून तुझं नाव आहे, ज्यातली एकही ओळ दुसऱ्या कुणा माणसाने वाचलेली नाही. नाव ठेवलं तर लोकांना मी फसवतेय. काढलं तर तुझी इज्जत जाते, तीही तू उत्तर द्यायला नसताना. "तू त्याची बायको आहेस," मी म्हटलं, "तू सांगशील तसं करते."

मेधा शाळेत मराठी शिकवते. वाक्य पुरं ऐकल्याशिवाय बोलत नाही. म्हणाली, "आधी वाचूया तरी."

"कोण वाचणार? मी लिहिलंय, मला चालत नाही."

"मी वाचते. मला वाचता येतं की."

"अगं पण तुला त्यातलं..."

"समजायलाच पाहिजे असं तुमच्या नियमात कुठे आहे? मोठ्याने वाचायचं आणि अडखळलं की खूण करायची, एवढंच ना? पोरांचे निबंध मी वीस वर्षं तसेच तपासते."

मी तुझ्या प्रिंटरवर पहिला तुकडा छापला. हाताला लागला तो खिडकीची उंची बदलणारा. त्यात एक भूत होतं, तुला आठवत असेल, म्हणजे तुला कुठून आठवणार, तू वाचलंसच नाहीस. साताऱ्याकडच्या एका शाळेतल्या बाईंनी पडवी वापरून हजेरीचा प्रोग्राम केला होता. खिडकी लहान करताना सरकपट्टी आली की खालचं 'जतन करा' बटण गायब. कधी व्हायचं, कधी नाही. त्यांनी तीनदा लिहिलं, मी तीनदा शोधलं, सापडेना. तुला विचारलं तर तुझं म्हणजे त्या एआयचं उत्तर आलं की हा भाग सुस्पष्ट आणि व्यवस्थित लिहिलेला आहे. बाईंनी कंटाळून वही काढली परत.

मेधाने चष्मा लावला आणि सुरू केलं. इंग्रजी शब्द, कंस, चिन्हं, सगळं शाळेतल्या आवाजात, एकेक. पहिल्या पानावर तीनदा अडखळली, तिन्ही ठिकाणी नुसती चिन्हं नवीन होती. मी ओठ चावून गप्प बसले. दुसऱ्या पानाच्या मध्यावर ती थांबली, मागे गेली, पुन्हा आली.

"इथे चाल मोडते गं."

मी कागदावर वाकले.

"वर बघ ना, ओल्ड आलं की मागोमाग न्यू येतं. ओल्ड, न्यू. ओल्ड, न्यू. इथे ओल्ड, ओल्ड. माझी जीभ न्यूवर गेली होती आधीच." आणि तिने तुझ्याच डब्यातल्या लाल पेनाने खूण केली.

मी बघितलं. सरकपट्टी आल्यावर बटण नव्या उंचीवर बसवायचं, तिथे मी जुनीच उंची लिहिली होती. एक शब्द. चूक माझीच, शंभर टक्के माझी. पण असल्या चुकांसाठीच तर तू होतास ना रे! मोठ्याने वाचला असतास तर तूही तिथेच थांबला असतास. "काय गो ह्यां" म्हणाला असतास. ज्या बाईला ह्या भाषेतला ओ की ठो कळत नाही तिला ती पंधरा मिनिटांत सापडली, कारण ती वाचत होती.

मी तेव्हा रडले. मेधाही. आणि मग तिनेच सांगितलं, "पुस्तकाला दोन शब्द मागितलेत ना त्यांनी? खरं लिही. मला चालेल. खोट्याबरोबर मला एकटीला ठेवू नकोस."

तर हे ते दोन शब्द. मुलांनो, वर्षभरातली ती टिपणं छापू नका, ती विनायकची नाहीत. त्याऐवजी माझ्या माळ्यावरून आरेचे कागद काढून पाठवतेय. लाल खुणा, दुधाचे डाग आणि मला घातलेल्या शिव्या, सगळं तसंच छापा. वाचायला शिकायचं असेल तर त्यातून शिका. तो माणूस खरा होता. निदान तेव्हा होता.

विन्या, त्या तुकड्याच्या माथ्यावर आता मेधाचं नाव आहे. ती म्हणाली, माझं कशाला. मी म्हटलं, तू वाचलंस म्हणून. गेल्या वर्षभरातल्या बाकीच्या तुकड्यांवरून आज सकाळी तुझं नाव काढलं. एका आज्ञेत सगळीकडून गेलं असतं, पण मी हाताने काढलं, एकेक उघडून. प्रत्येक वेळी आधी मोठ्याने वाचलं. वाचक, विनायक. त्या जागा आता रिकाम्या आहेत. शनिवारी मेधा येतेय आरेला, पिशवीत कागद घेऊन. ती वाचेल आणि मी गप्प बसेन, ते मला तूच शिकवलंस.

पण एक सांगू? तू एकदा, एकदाच म्हणाला असतास ना, "सुनू, नाही वाचवत गं आता," तर मी पडवी आहे तिथे ठेवून बोरीवलीला आले असते, आणि तुझ्या शेजारी खुर्ची ओढून नुसती झाडं बघत बसले असते.